रिकाम्या ट्रेलरचं ओझं

चिखलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत रहेमतुल्ला चाचाचं जुन्या लोखंडाचं दुकान होतं. मोडीत निघालेले ट्रक, जीपा, ट्रॅक्टर यांचं जे काही कामाचं उरायचं ते तिथं येऊन पडायचं. बीटी कपाशी गावोगाव पोचली, पहिली एक-दोन पिकं लोकांनी नाचत घरात आणली आणि मग पाऊस रुसला, त्या वर्षांतली ही गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. ऊन मात्र हटत नव्हतं. शाकिर त्या दुकानात उकिडवा बसून जॅक पाहत होता.

शाकिर जीपवाला. आधी चिखली-धाड सवाऱ्या मारायचा. मग एका बियाणं कंपनीनं त्याची जीप प्रचाराच्या ट्रेलरला लावली. ट्रेलर म्हणजे दोन चाकांवरची पांढरी खोलीच. आत दोन्ही बाजूंनी बाक, समोर टीव्ही, मागं पडदा लावून एक खाट आणि स्टोव्ह, मुक्कामासाठी. गावात गेलं की लोकांना आत बसवायचं, पिक्चर दाखवायचा, बियाणं समजावून सांगायचं. सांगणारा कडूबा. मूळचा देऊळघाटचा, बायकोला घेऊन चिखलीत भाड्यानं राहायचा. त्याच्या जिभेवर साखर होती. रस्त्यानं चाललेला माणूस त्याच्या दोन वाक्यांत थांबायचा आणि तिसऱ्याला आत येऊन बसायचा.

त्या पावसाळ्यात प्रचार थांबला आणि ट्रेलर बोरमाळ नावाच्या आडगावात तसाच राहिला. आता तो चिखलीच्या गोदामात आणून लावा, असा कंपनीचा निरोप होता. काम अर्ध्या दिवसाचं. पण चार महिने उन्हात उभ्या गाडीचे टायर काही खरे नव्हते, आणि शाकिरच्या जॅकचे आटे गेलेले.

"हा घे ना कैचीवाला," कडूबा म्हणाला. "हलका हाये. आपला ट्रेलर तं रिकामा."

चाचानं तो त्याच्या हातातून काढून घेतला. "हा कारचा हाये, भाऊ. डांबरावर चालते. तुमचा रस्ता काळ्या मातीचा. बाजूले गाडी घेतली का हा गाडी नाही उचलत, सोताच जमिनीत घुसते." त्यानं मागून तेलाचा, बाटलीसारखा जाड जॅक काढला, दांडा घालून दोनदा वरखाली करून दाखवला. "हा न्या. ट्रकाले पुरते. खाली ठेवाले ही सागाची फळी. आन् हा पाइप. पान्याच्या दांड्यात घाला, नट गंजले असतीन."

"रिकाम्या ट्रेलरले ट्रकाचा जॅक!" कडूबा हसला.

शाकिरनं तिन्ही वस्तू उचलून जीपमध्ये टाकल्या. स्टेपनीची हवा पाहिली. दुपारची जेवणं करून दोघं निघाले.

धाड मागं पडलं आणि कच्चा रस्ता लागला तसा कडूबा बोलायचा थांबला. दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, पण पानं लाल पडलेली, बोंडं सुपारीएवढी. याच रस्त्यानं तो भोंग्यावर बोलत जायचा. एकदा पऱ्हाटी अशी वाढेल म्हणून त्यानं हात छातीशी धरून दाखवला होता. आता गुडघ्याला लागेल एवढीही कुठं दिसत नव्हती. वाऱ्याबरोबर वाळलेल्या पानांची खसखस तेवढी येत होती.

बोरमाळात ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत ट्रेलर उभा होता. त्यावरचं पांढऱ्या कापसाच्या ढिगाचं चित्र उन्हानं फिकटलं होतं. गाव घरात होतं की शेतात, कळेना. कोणी बाहेर आलं नाही. लिंबाखाली एक म्हातारी तेवढी बसली होती, मनकर्णाबाई.

"नेऊन राह्यले का?" तिनं विचारलं.

"हाव, मावशी."

"मंग त्याईले अगोदर उतरवून घ्या."

"कोनाले?" शाकिर म्हणाला.

"आतल्याईले." म्हातारी अगदी साध्या आवाजात बोलत होती. "माहा पोरगाही हाये. दाराजवळच्या बाकावर बसते तो."

कडूबानं मान खाली घातली. तिचा पोरगा पोळ्याच्या सुमाराला फवारणीचं औषध पिऊन गेला होता, हे त्यानं धाडच्या बाजारात ऐकलं होतं. तो एकटाच नव्हता. या गावचे, शेजारच्या गावांचे, या बाकांवर बसून मान डोलावणारे कितीतरी. एकेकाचं नाव कानावर यायला लागलं तसा कडूबानं बाजाराला जाणंच सोडलं होतं.

त्यानं कुलूप काढलं. दार करकरलं. आत कोणी नव्हतं. टीव्ही, जनरेटर कंपनीनं आधीच नेलेले. खाली बोटभर धूळ, तिच्यावर पावलाची खूण नाही. पण बाकांवर धुळीचा कणही नव्हता. लाकूड रोज बसण्या-उठण्यातलं असावं तसं गुळगुळीत, चकचकीत. आणि वास... फवारणीच्या औषधाचा, उग्र, गोडसर. कडूबानं तोंडाला रुमाल लावला आणि दार ओढून घेतलं.

ट्रेलर जोडला. जीप पहिल्या गिअरवरही कण्हत निघाली. "चाकं जाम झाले असतीन," शाकिर म्हणाला.  मागं पाहिलं तर मनकर्णाबाई उभी राहून, कोणाला तरी निरोप द्यावा तसा हात हलवत होती.

धाडचा डांबरी रस्ता अजून लांब होता तेव्हा उजवा टायर फुटला. सूर्य टेकला होता. शाकिरनं गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला, डाव्या चाकाला अडसर म्हणून दगड लावला. काळ्या मातीवर फळी मांडली, तिच्यावर जॅक बसवला, सरळ धरून एक्सलखाली नेला आणि दांडा मारायला लागला.

जॅक एक्सलला टेकला. आणि थांबला.

शाकिरनं अंगाचा भार टाकला. दांडा खाली आला, पण ट्रेलर वर गेला नाही. जॅकच्या गळ्यातून तेल पाझरायला लागलं. खाली सागाची फळी कर्रकन वाजली. शाकिरनं भरल्या ट्रॉल्या उचलल्या होत्या, गिट्टीचा ट्रक उचलला होता. हाताला वजन कळायचं त्याला. त्यानं वाकून पाहिलं. ट्रेलरचे कमानपाटे पार सपाट होऊन वरची चौकट एक्सलला टेकली होती.

"कडूबा... आत काय भरलं हाये?"

"तुह्या समोर तं पाह्यलं."

"पुन्ना पाय."

कडूबा आत गेला.  मग पत्र्याच्या भिंतीआडून त्याचा आवाज यायला लागला, हळू, कोणाच्या तरी पाया पडावं तसा. "मले नवतं माहीत, दादा... मले जेवढं सांगतलं तेवढंच म्या तुमाले सांगतलं... माह्या घरी वावर असतं तं म्याही हेच लावलं असतं..."



कडूबा बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. तो जीपच्या पायरीवर बसला.

"उतरत नाहीत थे," तो म्हणाला.

"कोन?"

"म्हनतात, पिक्चर पुरा दाखव. कापूस घरात आल्यावर मंग काय झालं, थे दाखव म्हनतात..."

पिक्चर तिथंच संपायचा. पांढरा ढीग, हसणारी बायको, नवं घर. पुढचं काही कोणी काढलंच नव्हतं.

 पळून जावं असं शाकिरला वाटलं. पण जीप जोडलेली, पोटापाण्याची वस्तू, ती सोडून जाणार कुठं? उजेड विटत चालला होता. तेव्हा त्याच्या तोंडून आपोआप जे निघालं ते सवाऱ्या नेणाऱ्या कोणत्याही काळी-पिवळीवाल्याच्या तोंडून निघतं. तो दारापाशी गेला आणि म्हणाला, "भाऊ, चाक बदलाचं हाये. खाली उतरा हो जरा."

 मग पायरी दबली आणि सुटली. पुन्हा दबली, सुटली. एकेकदा पाट्याचा कचकच आवाज, आणि ट्रेलर थोडा थोडा वर येत गेला. वास शाकिरच्या अंगावरून, शेजारून जात होता. कोणीतरी खोकलं. कोणीतरी बसका श्वास सोडला. तो डोळे जमिनीवरून हलवत नव्हता.

आता जॅक लोण्यातून फिरावा तसा चढला. नट मात्र एक गंजलेला. पान्याच्या दांड्यात पाइप घालून शाकिरनं जोर लावला, पुन्हा लावला, हलेना. हातातलं बळ सरलं. तेवढ्यात पाइप त्याच्या तळव्याखाली आपणच खाली गेला. शेजारी कोणी दुसरा हात लावावा तसा. कडूबा तिकडे जीपच्या पायरीवरच होता. नट सुटला.

शाकिरला रडू आलं. भीतीनं नाही. त्याला वाटलं, कशी माणसं ही! यांना बसवून, मान डोलवायला लावून, सगळ्यांनी सोडून दिलं, आणि चाक बदलायचं म्हटल्यावर बिचारी अजून हात लावतात. त्यानं स्टेपनी चढवली, नट आवळले. ट्रेलर थोडा मागं सरकेल म्हणून अडसराला आणखी एक दगड शोधायला उठला, तर चाकामागं दगड आधीच नीट लावलेला होता.

"झालं, भाऊ," तो म्हणाला.

पायरी पुन्हा दबायला लागली. पाटे हळूहळू सपाट झाले.

 चिखलीच्या गोदामावर कारभारी नावाचा राखणदार होता, त्यानं फाटक उघडलं. शाकिरनं ट्रेलर सोडवला. कडूबा जीपमधून उतरला आणि घराकडे चालायला लागला. तो चार पावलं गेला असेल, तेवढ्यात शाकिरच्या शेजारी ट्रेलर सुस्कारा सोडल्यासारखा उचलला गेला. रिकामा असतो तसा. शाकिरनं पुढं पाहिलं. फाटकाच्या दिव्याखाली कडूबा वाकून, पोतं पाठीवर असल्यासारखा चालला होता, आणि त्याच्या चपला धुळीत खोल रुतत होत्या.

त्यानंतर कडूबा कोणाशी बोलला नाही. ज्याची जीभ अख्ख्या तालुक्याला ठाऊक होती, तो पाणीसुद्धा हातानं मागायचा. बायको छाया त्याला देऊळघाटला, त्याच्या भावाच्या घरी घेऊन गेली. शाकिर भेटायला गेला तेव्हा कडूबा भिंतीकडे तोंड करून जमिनीवर पडला होता.

"खाटेवर काऊन नाही झोपवत त्याले, भाभी?"

छायानं कोपऱ्यातल्या खाटेकडे बोट दाखवलं. नवा सुंभ मधोमध तुटून लोंबत होता. "डाक्टर म्हनते काही दुखनं नाही," ती म्हणाली. "पाहा ना, हाडं राह्यली फक्त. पन उठवाले जा, तं मी आन् जाऊ दोघी मिळून बी उठत नाही, शाकिरभाऊ. माणूस येवढा जड असते का?"

 शाकिरला ते 'खाली उतरा'चे शब्द ठाऊक होते. एकदा म्हणून पाहावं असं त्याच्या ओठावरही आलं. पण उतरून ती माणसं जातील कुठं, या विचारानं तो थांबला. त्यानं कडूबाच्या पाठीवर हात ठेवला. बरगड्या बोटांना लागल्या. तो तसाच परत आला.

थंडी वाढली आणि कडूबा गेला. निरोप मिळाल्यावर शाकिर सकाळीच जीप घेऊन देऊळघाटला पोचला. तिरडी बांधून झाली होती. चौघांनी वाकून बांबू धरले.

तिरडी उठली नाही.

आणखी दोघं आले. आणखी दोघं. बांबू मधून वाकले, माणसांच्या मानेच्या शिरा फुगल्या, पण तिरडी जागची हलली नाही. बायकांचं रडणं थांबलं. म्हातारी माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. छाया दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि सरळ शाकिरकडे पाहत होती.

तिच्या त्या नजरेपुढं त्याला राहवलं नाही. तो पुढं झाला. बांबू धरायला वाकल्यासारखं करून त्यानं कडूबाच्या डोक्याजवळ तोंड नेलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "उतरा हो, भाऊ. आता तरी सोडा याले."

तिरडी इतकी अचानक उठली की धरणारे हेलपाटले. काही नसावंच तिच्यावर, अशी ती खांद्यांवर गेली. माणसं घाईघाईनं ओढ्याकडे चालायला लागली. अंगणात धूळ, विस्कटलेली फुलं आणि बायका राहिल्या.

शाकिर सगळ्यांच्या मागं राहिला. अंगणाबाहेरच्या लिंबाखाली त्याची जीप उभी होती, बंद, रिकामी. चावी त्याच्या खिशात होती.

पाट्याचा कचकच आवाज आला. एकदा. मग पुन्हा. जीपची मागची बाजू बोट बोट खाली बसत गेली, मग पुढची. ऊन चांगलं वर आलं होतं, आणि त्या उन्हात औषधाचा वास पसरला.

शाकिर जागचा हलला नाही. तो कुठंच निघाला नव्हता.

मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार त्याच्यासाठी आतून उघडलं गेलं.