निळ्या पैलवानाचं मौन

"तेनिंग! ए तेनिंग! बाहेर ये आधी! बघ काय करून ठेवलंस पोराचं!"

दियेगानची आरोळी कुडाच्या न्हाणीतून आली, तेव्हा तेनिंग बाजरी कांडत होती. मुसळ उखळातच सोडून ती धावली आणि दारात थिजली... चाळीस दिवसांचा असल्यापासून तिनं पाठीला बांधून वाढवलेला तिचा लातिर लंगोटावर उभा होता, आणि गळ्यापासून घोट्यापर्यंत हिरवट-पिवळा झाला होता! कच्च्या आंब्यासारखा! ती बघत असतानाच वारा लागला, तसा तो हिरवागार झाला... मग मोरपंखी... मग निळा... गर्द, शाईसारखा निळा!

निळीचं पाणी उघड्यावर आलं की असेच रंग बदलतं, हे तेनिंगनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. फातिक गावातल्या अर्ध्या बायकांचे झगे तिनं रंगवले होते. दह्याला विरजण राखून ठेवावं, तसं जुन्या रांजणातलं थोडं पाणी ती तेलाच्या बाटलीत बूच ठोकून न्हाणीच्या भिंतीशी ठेवायची. आणि गावच्या मांत्रिक मराबूबाबानं लातिरसाठी मंतरून दिलेलं मुळ्यांचं पाणी? तेही तेलाच्याच बाटलीत आलं होतं, आणि तिथंच शेजारी ठेवलं होतं. तसंच हिरवट, तसंच नाक मुरडायला लावणारं!

बाबाची अट मोठी कडक होती. बापानं डोळे मिटून, अवाक्षर न काढता बाटली उचलायची आणि पोराच्या अंगावर रिकामी करायची. पोरानं मात्र तेव्हापासून त्या दिवशीची आपली शेवटची कुस्ती संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. उघडलं, की पाण्यातली सगळी ताकद वाऱ्यावर! दियेगान अटी पाळण्यात इतका पक्का, की तो घराच्या उंबऱ्यापासूनच डोळे मिटून निघाला होता, वाटेत एका कोंबडीला तुडवून.

"अहो, माझी बाटली तिथं रोजच असते..." तेनिंग कशीबशी म्हणाली.

"रोज असते, पण आजच माझ्या हाताला कशी लागली? आँ? आज कुस्त्या, आज बोकडाचं बक्षीस, आज सगळं फातिक बघायला येणार, आणि माझा पोरगा निळा!"

या बोकडापायी दियेगाननं महिनाभर झोप घेतली नव्हती. बाजारामागच्या वाळूत न्गोर वस्ताद रोज संध्याकाळी पोरांना कुस्ती शिकवायचा, आणि पोरं जेवढी घामाघूम व्हायची त्याच्या दुप्पट त्यांचे बाप व्हायचे. "पाय धर! कंबर धर! अरे गाढवा, मान!" असं ओरडून बापांचे घसे बसत. वस्ताद म्हणायचा, "पोरं शिकतील हो, आधी तुम्हाला कुणीतरी शिकवा!" त्यात दियेगानचा आवाज सगळ्यांवर. स्वतः तो उभ्या जन्मात एकच कुस्ती जिंकला होता, तीही समोरच्याला ताप होता म्हणून.

तेवढ्यात सिगा आली. सिगा म्हणजे धाकटी बायको, लातिरला जन्म देणारी. तान्हं बाळ सवतीच्या ओटीत टाकून ती डाकारला घरकामाला गेली होती ती सहा वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात परतली. तेव्हापासून घरात हुकूम निघाला होता... सिगा ही 'आई', तेनिंग ही 'मोठी आई'. आणि तो हुकूम लातिरच्या तोंडी बसवला होता तेनिंगनंच, स्वतःच्या काळजावर धोंडा ठेवून!

सिगानं लेकाला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अक्का, माझं पोर तुम्हाला बघवत नाही, एवढं सरळ सांगा ना! असला छळ कशाला?"

"सिगा! अगं मी... मी असं करीन?"

"स्वतःची कूस उजवली नाही, की बाई असंच करते," दियेगान दात खात म्हणाला. "संध्याकाळपर्यंत तुझं बोचकं बांध. भावाच्या गावची घोडागाडी कुस्त्यांच्या मैदानामागून सुटते. पुन्हा या अंगणात पाऊल नको!"

भावाच्या घरी तेनिंगला घोटभर पाणी मिळालं असतं, पण लातिर कुठून मिळणार होता? सकाळी तिच्याच ताटलीत हात घालणारा, ताप आला की तिच्याच झग्याचं टोक चावणारा...

आणि तेव्हा तिनं पाहिलं. लातिरचे डोळे डबडबले होते. तो एकदा बापाकडे बोट दाखवत होता, एकदा बाटलीकडे, आणि त्याचे ओठ विलग होत होते. पोरानं सारं पाहिलं होतं! त्याचा एक शब्द, फक्त एक, आणि ती वाचणार होती!

तेनिंग झेपावली आणि तिनं आपला तळवा त्याच्या तोंडावर घट्ट दाबला.

"नको रे राजा! बोलू नकोस! एवढे दिवस वाळूत अंग घासलंस, ते वाया घालवू नकोस माझ्यासाठी!" मग नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "माझीच चूक झाली. मी जाते."

आपला एकुलता एक साक्षीदार तिनं आपल्याच हातानं मुका केला! कारण बाबाच्या पाण्यावर तिचाही विश्वास होता... फक्त ते पाणी अजून भिंतीशी तसंच भरलेलं उभं आहे, हे त्या गडबडीत कुणाच्याच ध्यानात आलं नाही!

संध्याकाळी मैदानात ढोल घुमत होते. लातिर वाळूत उतरला आणि माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. "अरे, याला पिळून वाळत घाला!" कुणी ओरडलं. पण पहिल्या प्रतिस्पर्ध्यानं त्या निळ्या, मुक्या, एकटक बघणाऱ्या पोराला पाहिलं, "जिन! जिन आला!" म्हणून भोकाड पसरलं आणि तो थेट आजीच्या झग्यात शिरला. दुसऱ्याच्या आईनं, हा रंग विषारी आहे, माझ्या लेकराला मी हात लावू देणार नाही, म्हणून पोराला काखोटीला मारून घर गाठलं. तिसरा लढला, पण आपल्याही अंगाला निळं लागतंय हे बघायला खाली वाकला, तेवढ्यात लातिरनं त्याला उताणा केला.

लातिर शेवटच्या कुस्तीत पोचला!

आता दियेगानची छाती बघावी! "हे निळं माझंच डोकं!" तो ढोलवाल्यांना सांगत होता. "मराबूबाबाला मीच म्हटलं, पोराला असा रंग द्या की समोरचा थरथरला पाहिजे! लोकांना कळत नाही हो, यामागं अभ्यास लागतो!"

हे शब्द मैदानाच्या कुडामागं, घोडागाडीवर बसलेल्या तेनिंगला स्पष्ट ऐकू आले. सकाळी ज्या रंगापायी तिचं घर गेलं, त्याच रंगाची फुशारकी! तिला राग यायला हवा होता... पण तिची नजर कुडावरून फक्त त्या निळ्या ठिपक्यावर खिळली होती. गाडीवानालाही शेवटची कुस्ती बघायची होती, म्हणूनच गाडी थांबली होती. "एवढी झाली की निघू हं, मावशी," तो म्हणाला.

समोर आला म्बान्यिक, लातिरहून हातभर रुंद. दोघं भिडले. वस्तादानं शिकवलं होतं तसा लातिरनं त्याचा पाय उचलला, म्बान्यिक लटपटला, दियेगान "बोकड! बोकड!" म्हणून नाचायला लागला. आणि त्याच क्षणी लातिरची नजर कुडापलीकडे गेली. गाडी... बोचकं... मोठी आई! गाडीवानानं तर आताच लगाम हातात घेतला होता.

लातिरनं हातातला पाय सोडून दिला.

"अरे धर! धर रे!" वस्ताद किंचाळला.

पण लातिर अंथरुणावर आडवं व्हावं तसा वाळूत पाठीवर निजला. म्बान्यिकला काय चाललंय तेच कळेना, तो अडखळून त्याच्या अंगावर पडला.

"वस्ताद!" खालून आवाज आला. "माझी पाठ लागली ना? हरलो ना मी?"

"हरलास रे गाढवा, हरलास!"

"आता बोलू?"

लातिर उठला आणि सगळ्या फातिकला ऐकू जाईल असा ओरडला, "बाबा, बाटली तुम्हीच चुकीची उचललीत! मी तुमचा हात मागं ओढत होतो, तर तुम्ही मलाच चापट मारलीत! मोठ्या आईनं काही नाही केलं! ती बोलू देत नव्हती मला! मोठी आई, जाऊ नकोस गं... मी हरलो, आता जाऊ नकोस!"

ढोल थांबले. मग एक ढोलवाला फिस्सकन हसला, आणि सगळं मैदान दियेगानकडे बघून खदखदायला लागलं.

लातिर धावत सुटला. वाटेत हात पसरून सिगा उभी होती. तिला ओलांडून तो गाडीवर चढला आणि तेनिंगच्या कुशीत शिरला. तिनं त्याला छातीशी घट्ट धरलं. "वेड्या... जिंकलेली कुस्ती... माझ्यासाठी..." मागं सिगा तशीच रित्या हातांनी उभी होती. ते तेनिंगला दिसलं. रिती ओटी काय असते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"जा," ती पोराला म्हणाली. "आधी तिच्याकडे जा. तीही आई आहे तुझी." लातिर खाली उतरला आणि सिगाला बिलगला.

दियेगान आला, मान खाली घालून. "उतर खाली," तो पुटपुटला. "स्वयंपाकाची पाळी तुझी आहे आज."

"पाळी माझी आहे!" सिगा कडाडली. "नीट बोला. सकाळी ओरडताना आवाज कसा मोठा होता!"

"चुकलो," दियेगान म्हणाला.

"ऐकू नाही आलं!" गाडीवान.

"चुकलो म्हटलं ना! पाय धरू का आता तिचे?"

"पाय धरायला तरी कुठं येतं तुम्हाला," वस्ताद लांबून म्हणाला.

सिगानं गाडीजवळ येऊन तेनिंगपुढे हात केला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अक्का, मी डाकारला धुणीभांडी करताना एकाच गोष्टीवर जगले, की माझं पोर तुमच्या पाठीवर आहे. आणि आज मीच तुम्हाला... उतरा. तो मला आई म्हणतो, तेही तुम्ही शिकवलंत म्हणून. मला अजून त्याला काय आवडतं तेसुद्धा माहीत नाही हो... मला शिकवायला तरी उतरा!"

सकाळपासून कोरडे राहिलेले तेनिंगचे डोळे तेव्हा वाहायला लागले. सिगाचा हात धरून ती खाली उतरली. दोघींचे झगे जागोजागी निळे झाले होते.

घरी जाताना लातिर दोघींच्या मध्ये चालत होता आणि बोलत होता. तुडवलेली कोंबडी, म्बान्यिकच्या तोंडाचा वास, हातचा गेलेला बोकड, लागलेली भूक... दिवसभराचं तुंबलेलं सगळं धो धो वाहत होतं, आणि त्या वाटेवर कुणीही त्याला गप्प बस म्हटलं नाही.