विस्मरासुराला पकडायचं कसं?

फ्रीगंज बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात पंखा फुल्ल सुटला, निहारिकाची चित्रं उडाली आणि एक पान थेट एका उंच तरुणाच्या बुटापाशी जाऊन पडलं. त्यानं ते उचललं, पाहिलं आणि… चक्क हसला!

"हा हवालदार एकटाच का पळतोय? पहले वायरलेसवर सांगेल ना!"

"तुम्हाला काय हो माहीत पोलिसांचं?" ती फणकारली.

"सब-इन्स्पेक्टर आहे मी. यशोधन."

निहारिकाचे कान लाल झाले. पण त्यानंतर दर रविवारी तो तिची कॉमिक्स 'तपासायला' पोह्यांच्या टपरीवर येऊ लागला. तिचा खलनायक होता विस्मरासुर. त्यानं नुसतं रोखून पाहिलं की माणूस सगळं विसरायचा. आणि त्याच्यासमोर उभा एक साधा हवालदार, पोट सुटलेला, नवे बूट चावल्यानं लंगडणारा.

"ह्यालाही एखादी शक्ती देऊन टाकू?" तिनं विचारलं.

"बिलकुल नाही!" यशोधन पोहे विसरून म्हणाला. "शक्तीवाला जिंकला, त्यात काय मोठं? पाय लटपटतायत, तरी ड्यूटीवर जातो ना… लोक शिट्ट्या त्याच्यासाठी मारतात."

त्याच्या मिशीला शेव चिकटली होती. निहारिकाला तो त्याच क्षणी फार फार आवडला.

पण मेला स्वतःहून बोलेल तर शपथ! आणि जूनमध्ये त्याच्या बदलीचा हुकूम आला. थेट दूरच्या मंडल्याला. सोमवारीच निघायचं होतं.

शेवटच्या रविवारी टपरीवर तिचे पोहे गार झाले.

"शेवटचं पान अडलंय," ती म्हणाली. "हवालदारही सगळं विसरला, तर पकडणार कसा? आणि… तुम्ही? तिकडे गेलात की विसराल?"

"रोजनामचा," तो हळूच म्हणाला. "ठाण्यात जे घडतं ते आम्ही वेळेसकट लिहितो. हवालदार विसरेल, पण सकाळी वाचेल आणि पुन्हा निघेल."

त्यानं खिशातली छोटी डायरी तिच्यापुढे सरकवली.

'९ मार्च, सायं. ५.४०. फ्रीगंज. पान उडालं. मुलगी रागावली. फार गोड.'

मग एकेक रविवार. तिची निळी ओढणी, तिचं हसणं, सगळं वेळेसकट. आजची नोंद मात्र अर्धीच होती. 'निहारिकाला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली…'

"विचारलं? कधी?"

"लिखित में है ना…" पाच फूट अकरा इंचांचा सब-इन्स्पेक्टर टेबलाकडे बघत पुटपुटला. त्याचे पाय खरंच लटपटत होते.

निहारिकाला हसू आलं, डोळेही भरून आले. तिनं त्याच्या खिशातलं पेन काढलं, घड्याळ पाहिलं आणि वेळेसकट लिहिलं, 'हो.'