तार चढत नाही

दत्तात्रेयांनी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, गिटार पालथी ठेवली आणि तिच्या मानेखाली टॉवेलची घडी दिली. इलाइट चौराह्यावरच्या दुकानातून आणलेला, तारा पिळायच्या नव्या चाव्यांचा डबा उघडला. जन्मभर रेल्वेत विजेच्या मोटारी दुरुस्त केलेला माणूस. असल्या कामाला त्यांना मिस्त्री लागत नव्हता.

गिटार त्यांच्या बायकोची, बकुळाची. लाल, इलेक्ट्रिक, एका कडेला रंग उडालेली. दिवाळीनंतर बकुळा गेली. तेव्हापासून तारा तिने शेवटच्या लावल्या तशाच होत्या. दत्तात्रेय कुणाला हात लावू देत नव्हते. पण चाव्यांची प्लास्टिकची टोकं कुजली होती, धरली की पिवळा भुगा बोटांना लागायचा. आणि गिटार चिरगाँवच्या स्नेहलताला द्यायची, असं बकुळा स्वतः सांगून गेली होती. स्नेहलता तिची शिष्या, आता तिथल्या शाळेत गाणं शिकवणारी. मोडकी वस्तू तिच्या हातात कशी द्यायची?

चावी बदलायची तर आधी तार सोडावी लागते. तिथे त्यांचा हात थांबला. तो पीळ बकुळाने दिलेला होता.

"काका, मैं कर दूँ?" गिटार न्यायला आलेल्या, समोर बसलेल्या स्नेहलताने विचारलं.

"नको. मीच सोडतो."

सहाही तारा सैल पडल्या. पुढचं काम सोपं होतं. जुने स्क्रू काढले, भोकांत काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या. ते वाळल्यावर पट्टी ठेवून नवी भोकं पाडली. चाव्या एका रेषेत बसल्या. नव्या तारा ओवल्या, ओढून ओढून ताणल्या. स्नेहलताने पर्समधून ट्यूनर काढला आणि हिरवा दिवा लागेपर्यंत एकेक तार लावली.

"काकूंना हा ट्यूनर आवडायचा नाही," ती म्हणाली. "म्हणायच्या, या डबीला कान कुठायत?"

दत्तात्रेय हसले. बकुळा अ‍ॅम्प्लिफायर चालू करायची. त्याची घूं अशी विजेची घरघर यायची, तिच्यात ओठ मिटून आपला सूर मिसळायची आणि त्यावर तारा लावायची. तो सूर ट्यूनरपेक्षा जरासा चढा असायचा. "अहो, तुमची लाइटच चढी आहे, मी काय करू?" असं वर त्यांनाच ऐकवायची.

जेवण झालं. स्नेहलताने गिटार उचलली, तार छेडली आणि ट्यूनरकडे बघत राहिली.

"काका, ये तो चढ़ गया."

"उतरलं असेल."

"नाही, चढलंय. सगळ्या तारा."

दत्तात्रेयांनी चष्मा लावला. नवी चावी सरकते, नवी तार ताण खाते, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यात तार उतरते. तार आपली आपण चढत नाही. गारठ्याने थोडी आखडते म्हणावं, तर खोलीत ऊन आलेलं होतं. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर चालू केला. घरघर आली. स्नेहलताने जाडी तार छेडली. दोन्ही आवाज एकमेकांत असे मिळाले की वेगळे ओळखू येईनात.

"परत लाव," ते म्हणाले.

तिने परत लावल्या. या वेळी त्यांनी प्रत्येक चावीवर आणि तिच्याशेजारी लाकडावर पेन्सिलीने सरळ रेघ ओढली. दोघं स्वयंपाकघरात चहाला गेली.

परत आली तेव्हा चाव्यांवरच्या रेघा लाकडावरच्या रेघांना सोडून फिरलेल्या होत्या. सगळ्या एकाच बाजूला. तारा चढण्याच्या बाजूला.

स्नेहलता दारातच उभी राहिली. "काका, तुम्हीच ठेवा. मुझे नहीं चाहिए."

ठेवावी, असं त्यांना फार वाटलं. गिटारीबरोबर बकुळाही निघून गेली तर? मागे काय उरणार? ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"तिने तुला द्यायला सांगितलंय," शेवटी ते म्हणाले. "ने."

त्यांनी स्वतः गिटार पिशवीत घातली आणि चिरगाँवच्या बसपर्यंत पोचवायला गेले. बस सुटली तेव्हा पिशवी स्नेहलताच्या मांडीवर होती, आणि ती तिला अंगाला लागू न देता धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"काका, कालपासून जरासुद्धा हलली नाही. एकदम ट्यूनरमध्ये आहे. टेन्शन मत लीजिए."

"बरं झालं, बेटा."

त्यांनी फोन ठेवला. म्हणजे बकुळा गिटारीबरोबर गेली नव्हती. मग आता कुठेच नव्हती. आपल्याच हातांनी आपण तो पीळ सोडला.

भिंतीवरचा गिटारीचा खिळा मोकळा होता. टेबलावर पिवळा भुगा होता, तो त्यांनी पुसला नाही. पंखा फिरत होता. नुसतं ऐकायला म्हणून त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर चालू केला. लाल दिवा लागला, घरघर आली. ते डोळे मिटून बसले.

मग लाइट गेली.

पंखा थांबत थांबत थांबला.

लाल दिवा विझला.

घरघरीतले दोन आवाज होते, हे त्यांना एक बंद पडल्यावर कळलं.

दुसरा चालू होता. जरासा चढा, ओठ मिटलेला.

मग तो क्षणभर थांबला, श्वास घेण्यापुरता, आणि पुन्हा लागला.