लॅपटॉपमधून काढलेलं कार्ड

"मला नोकरी परत नकोय," खुर्चीत टेकण्याआधीच बाई म्हणाल्या. "ज्यानं हे केलं, तो माझ्यासारखाच सगळ्यांदेखत दाराबाहेर जाताना मला बघायचाय. बस!"

मावशीनं चष्मा पुसत भाच्याकडे पाहिलं. भाचा पन्नाशीचा. विमा कंपनीतून लवकर निवृत्ती घेऊन तो मावशीच्या हेरगिरीच्या कचेरीत रुजू झाला होता. गाडी झकास चालवायचा; डोकं मात्र जपून वापरायचा.

"सुरुवातीपासून सांगा," मावशी म्हणाली.

बाई इमारतींचे नकाशे काढत. एका मोठ्या हॉस्पिटलचे नकाशे ऑफिसच्या सर्व्हरवरून कुणीतरी उडवले होते, राखीव प्रतीसकट. सर्व्हरचा पासवर्ड सगळ्यांचा एकच. पण वायफायच्या नोंदीत त्या वेळी बाईंच्याच लॅपटॉपचा नंबर दिसत होता. साहेबांनी चारचौघांत त्यांना कामावरून काढलं आणि जाताना त्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली.

"आता या धंद्यात मला दारात कोण उभं करेल? आतून कुजलेली बाई म्हणतात मला!"

"लॅपटॉप तुमचा स्वतःचा?"

"हो. जुना आहे, पण गुणी. वायफाय तेवढं रडायचं, म्हणून त्याच आठवड्यात आतलं कार्ड बदललं. माझं मीच, जेवणाच्या सुट्टीत. मागचं झाकण काढायचं, एक स्क्रू, दोन बारीक वायरी. घरी तर आता सुसाट चालतंय."

"आणि ऑफिसात?"

"ऑफिसात जोडलंच जाईना. म्हटलं, बघू सवडीनं. टेबलापाशी केबल होती, तीच लावून काम करत होते."

"जुनं कार्ड?"

"नव्याच्या डबीत घालून खणात टाकलं. तिथंच असेल."

भाच्याला यात काही राम दिसेना. मावशीनं मात्र चहाचा कप तसाच ठेवला आणि गाडी काढायला सांगितली.

साहेब मोठ्या आवाजाचे आणि लहान धीराचे होते. "हॉस्पिटलवाल्यांना आठवड्याभरात नकाशे द्यायचेत," ते कपाळ चोळत म्हणाले. "नाही दिले तर ऑफिसला कुलूप. आणि तुम्ही त्या बाईची वकिली करायला आलात!"

"मी खरं काय ते बघायला आलेय," मावशी म्हणाली.

बाईंच्या खणात डबी होती आणि डबीत कार्डही होतं. भाच्याचा चेहरा पडला. चोरीला गेलेलं असतं तर निदान मागे लागता तरी आलं असतं.

ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्याला सगळे तारवाला म्हणत. त्याच्या खोलीत वायरींचं जंगल होतं आणि त्याचा स्वतःचा संगणकही वायरीवरच चालत होता.

"केबलला विचारपूस नाही, पण वायफायला आहे," तो ऐटीत म्हणाला. "मी ज्याचा नंबर आत घेतलाय तोच लॅपटॉप जोडला जातो. बाईंचा नंबर मी पहिल्या दिवशी घातला. त्यात चूक व्हायची नाही."

"त्यांनी लॅपटॉपमधलं कार्ड बदललं होतं, माहितेय?"

"कार्ड? मला कुणी बोललं नाही. लॅपटॉप तर तोच होता ना?"

साहेबांचा पुतण्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात बसला होता. वहीइतक्या पातळ, नव्याकोऱ्या लॅपटॉपवर तो गाड्यांचे व्हिडिओ बघत होता, तेही जराही न अडखळता.

"बाई गेल्या, आता त्यांची जागा मलाच मिळणार, हे खरं," तो बेफिकिरीनं म्हणाला. "कार्ड बदलताना मी बघितलं की त्यांना. म्हटलं, कशाला, नवीन घ्या! तर म्हणाल्या, तुझ्या लॅपटॉपचं कार्ड आतल्या पट्टीला डकवलेलंय, बिघडलं तर अख्खा टाकून दे."

बाईंच्या शेजारचं टेबल रिकामं होतं. तिथं बसणाऱ्याला सगळे जिनेवाला म्हणत. तो राउटरखाली स्टुलावर, मांडीवर जाडजूड जुना लॅपटॉप घेऊन अवघडून बसला होता.

"इथं का हो?" भाच्यानं विचारलं.

"टेबलापाशी रेंजच येत नाही. हल्ली हल्लीच."

"बाईंना कार्ड बदलताना पाहिलंत?" मावशीनं विचारलं.

"पाहिलं ना. बारीक स्क्रू-ड्रायव्हर माझाच होता."

"जिनेवाला म्हणतात ते का?"

त्याचे कान लाल झाले. "एकदा माझ्या नकाशात जिना भिंतीवर जाऊन आपटत होता. बाईंनी तो भर बैठकीत दाखवला. सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून मला जिन्यांचंच काम देतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं सगळ्यांना साहेबांच्या खोलीत जमवलं. बाई दाराशी, लॅपटॉप छातीशी धरून उभ्या होत्या.

"तारवाले, बाईंचा लॅपटॉप वायफायला जोडून दाखवा," मावशी म्हणाली.

तारवाल्यानं खटपट केली. लॅपटॉप काही आत जाईना. त्यानं नंबर तपासला आणि त्याची ऐटच उतरली. "हा... हा वेगळाच नंबर आहे."

"कारण नंबर लॅपटॉपचा नसतो, आतल्या कार्डाचा असतो. कार्ड बदललं तेव्हाच हा लॅपटॉप तुमच्या वायफायला परका झाला. मग फाइली उडवल्या त्या वेळी बाईंचा जुना नंबर घेऊन आत कोण शिरलं? ज्याच्या लॅपटॉपमध्ये जुनं कार्ड होतं तो. खणातून घेतलं, काम उरकलं, परत डबीत ठेवलं."

भाचा आ वासून ऐकत होता.

"तारवाल्यांना कार्ड बदलल्याचा पत्ताच नव्हता, आणि यांचा संगणक वायरीवरचा. पुतण्याच्या लॅपटॉपमध्ये दुसरं कार्ड बसतच नाही. उरलं कोण? ज्यांचा लॅपटॉप बाईंच्यासारखाच जुना आहे, ज्यांच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आहे, आणि लांबच्या कोपऱ्यात व्हिडिओ धावत असताना ज्यांच्याच टेबलाला अचानक रेंज मिळेनाशी झाली ते. स्वतःचं कार्ड परत बसवताना घाई झाली, जिनेवाले. अँटेनाची एक वायर नीट दाबली गेली नाही. झाकण उघडू?"

उघडलं. दोन वायरींपैकी एक कार्डाशेजारी नुसतीच लोंबत होती.

जिनेवाला रडेल असं भाच्याला वाटलं, पण तो चक्क हसला.

"माझं खरं नाव काय?" त्यानं विचारलं. "सांगा बघू कुणीतरी. साहेब, तुम्ही? बाई, तुम्ही?"

साहेब टेबलावरचे कागद चाळू लागले. बाईंनीही मान वळवली.

"तुमचंही नाव असंच घालवायचं होतं मला," तो बाईंना म्हणाला. "चार दिवस का होईना, घालवलं!"

साहेबांनी पोलिसांना बोलावलं. दोन हवालदारांमधून जिनेवाला अख्ख्या ऑफिसासमोरून बाहेर गेला. बाईंनी तो दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जराही दया नव्हती, आणि भाच्याला ते मनापासून पटलं. पापाची फेड झाली, आता घरी जाऊन जेवावं, असं त्याच्या मनात आलं.

साहेब उठून बाईंपुढे आले. आवाज आता अगदी मऊ. "झालं गेलं विसरा. उद्यापासून या. पगारही बघू." मग त्यांची नजर बाईंच्या उघड्या लॅपटॉपवर गेली आणि डोळे चमकले. "बाई, तुम्ही घरीही काम करायचात ना? यात हॉस्पिटलचे नकाशे...?"

"होते," बाई म्हणाल्या. "सगळेच्या सगळे."

साहेबांनी खुर्चीचा आधार घेतला. "वाचलो! देवासारख्या—"

"होते, म्हटलं. तुम्ही मला काढलंत त्याच संध्याकाळी उडवले. मागमूस ठेवला नाही."

"अहो, पण का?"

बाईंनी लॅपटॉप मिटला. "तुम्ही चारचौघांत सांगितलं होतंत ना, की नकाशे मी उडवले? तुमचा शब्द खाली पडू देणं मला बरं वाटलं नाही, साहेब."