गाडीकडे लक्ष ठेवा

हे घडलेलं आहे. नाशिकला, यंदाच्या वैशाखात, तेही भर दुपारी तीनला. पटत नसेल तर सोडून द्या. शेखर माझा साडू. त्याला थापा मारता येत नाहीत, हे आमच्या अख्ख्या गोतावळ्याला माहीत आहे.

शेखरकडे एक जुनी, कापडी टपाची गाडी आहे. हवं तेव्हा टप मागे दुमडायचा. त्याच्या थोरल्या भावाने, रविराजने, ती भंगारातून आणून सात वर्षं खपून उभी केली. गेल्या दिवाळीत रविराज हार्ट अटॅकने गेला आणि गाडी शेखरच्या गळ्यात आली.

गळ्यातच म्हणायचं. सोसायटीत बंद पार्किंग नाही. आधी कोणीतरी ब्लेडने टप फाडला. मग बोनेटवरचं चिन्ह उपटून नेलं. शेखरने स्टिअरिंगला साखळी घातली, बॅटरीला लपवलेला स्विच बसवला, वरून कव्हर बांधलं. तरी रात्री तीन-तीनदा उठून बाल्कनीत यायचा.

"दादाची एवढीच वस्तू राहिलीय," म्हणायचा.

जागून जागून पार पिचला होता बिचारा.

त्या दुपारी तो गाडी घेऊन सिन्नरकडे लग्नाला गेला. लॉन्सच्या मागे पत्र्याची शेड होती, तिथे सावलीत गाडी लावली. शेजारी खुर्चीवर खाकी शर्टातला एक म्हातारा बसलेला.

आपण सगळे म्हणतो तसंच शेखर म्हणाला, "काका, दादाची गाडी आहे. जरा लक्ष ठेवा. येतोच."

म्हाताऱ्याने मान हलवली.

जेवून आला तर खुर्ची रिकामी...

गाडीला ओरखडाही नव्हता. शेखर दमला होता, डोळे मिटत होते. तसाच निघाला. "आलो हो काका, निघतो," एवढं म्हणायचं राहून गेलं.

तिथेच चुकलं.

दुसऱ्या दिवसापासून गाडीला कोणी बोट लावेना. कव्हरवर झोपणारं मांजर दिसेनासं झालं.

कव्हरच्या दोरीला गाठी असायच्या... शेखरने न मारलेल्या.

शेजारची सात वर्षांची योगिनी म्हणाली, "काका, तुमचे आजोबा आत बसतात ना, ते आम्हाला हाकलतात."

शेखरचे आजोबा वारून वीस वर्षं झाली.

पण खरं सांगू? त्याला बरंच वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा तो सकाळपर्यंत झोपला.

मग रविवार आला. दुपारी तीनला त्याने गाडी काढायला कव्हर सोडलं, दाराला हात घातला.

आतून लॉक पडलं...

काचेतून सीट दिसत होती. रिकामी. फक्त मधोमध दबलेली...

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हात जोडून तो म्हणाला, "काका, मी आलोय. तुमचं काम झालं. जा आता."

मग आतून एक थकलेला आवाज आला...

"मालक येऊ द्या. मग जातो."

"अहो, मालक मीच."

"तुमी नाय. रविराजभाऊ. आत्ताच सांगून गेले, येतोच म्हणून."

शेखरने म्हाताऱ्याला भावाचं नाव कधीच सांगितलं नव्हतं.

तो तिथेच फरशीवर बसला आणि पोटभर रडला. हे त्यानेच मला सांगितलं.

आता रोज तीनला तो खाली जातो, गाडीशेजारी खुर्ची टाकून बसतो. सुवर्णा, त्याची बायको, माझ्याकडे बघते आणि त्याचा चहा खालीच नेऊन देते.

परवा मी विचारलं, "रविराज खरंच आला तर भीती नाही वाटणार?"

"वाटेल ना," शेखर म्हणाला. "पण तो आला नाही तर काय करू?"

मी चहा अर्धा ठेवून निघालो.