भाडेकरूला न दिलेली किल्ली

दुपार कलली तशी मालक नवं कुलूप आणि पेचकस घेऊन आपल्याच इमारतीचा जिना चढू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी सकाळीच बजावलं होतं, कुलूप बदला, नाहीतर मी खोली सोडते. काम दहा मिनिटांचं. पण सातव्या पायरीशी मालक उगाचच कठडा धरून थांबले.

त्या खोलीतला आधीचा भाडेकरू म्हातारा शिंपी. तो तीन आठवडे इस्पितळात होता. हा काही आता परतत नाही, असं धरून मालकांनी त्याच्यामागे कुलूप बदललं. राहत्या माणसाचं कुलूप बदललं तर नवी किल्ली त्याच्या हातात द्यावी, एवढी साधी रीत. मालक म्हणाले, देऊ की, आला तर! तो आला. जुनी किल्ली फिरवून दमला, आणि सकाळी याच सातव्या पायरीवर बसल्या बसल्याच गेलेला सापडला. मालकांना लाज वाटली होती. बोलून दाखवली नाही, एवढंच.

“रोज याच वेळी येतं कुणीतरी,” वर दार उघडत नर्सबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “किल्ली लावतं... फिरवत बसतं...”

“पोरंटोरं असतील.”

“पोरं असं खोकतात?”

मालकांनी दार आतून लावून नवं कुलूप बसवलं. शेवटचा स्क्रू आवळताना बाहेर पायऱ्या वाजल्या. सावकाश. फटीतून शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला. किल्ली आत सरकली. फिरली नाही. पुन्हा... पुन्हा... दारावर टेकलेल्या मालकांच्या तळहाताला ती धडपड कळत होती.

“बोला ना,” बाई कुजबुजल्या. “तुमचाच माणूस आहे.”

मालक दाराच्या फटीशी वाकले. “काका... ही खोली आता तुमची नाही.”

किल्ली थांबली. पावलं खाली उतरत गेली.

नव्या किल्ल्या बाईंच्या हातात ठेवून मालक सुटल्यासारखे तळमजल्यावर आपल्या दाराशी आले. खिशातली किल्ली लावली. फिरेना. जोर लावला, तरी फिरेना. त्यांनी दार ठोठावलं.

“कोण पाहिजे?” आतून बायकोनं विचारलं.

“अगं, मी आहे! उघड!”

“थांबा हं,” परक्या माणसाशी बोलावं तशी ती म्हणाली. “हे आत्ताच वरून आलेत. पाठवते त्यांना.”

आत कुणीतरी खोकलं.