दोन कॉम्प्युटरना एकच नंबर

संयोगिता सकाळी कामावर आली, तर तिच्या टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. एका मोज्यातून अंगठा डोकावत होता.

"कोण हाय खाली?"

"कॉम्प्युटरवाला, सांगलीहून आलोय. जरा जपून, मॅडम... वायर हाय."

कुपवाडच्या त्या पंपांच्या कारखान्यात नुकतेच सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले होते. त्या माणसानं, महेंद्रनं, तिला समजावलं, की प्रत्येक कॉम्प्युटरला आपला वेगळा नंबर असतो. दोघांना एकच पडला, की पडद्यावर तक्रार येते आणि काम अडतं. त्यानं तिचा नंबर बदलला, कसा बदलायचा तेही दाखवलं. चहा पिताना तिनं मोज्याचं विचारलं, तर म्हणाला, अंगठ्याला लय उकडतं. तिला दिवसभर हसू येत राहिलं.

पुढच्या आठवड्यात तिनं हळूच अकाउंटच्या कॉम्प्युटरचा नंबर आपल्या कॉम्प्युटरला दिला. बिलं अडली. महेंद्र आला.

मग हे होतच राहिलं. तो एकेक वायर काढून बघायचा, तिचं टेबल मात्र सगळ्यात शेवटी. तिच्या कडेगावच्या उसाचं, फौजेतल्या भावाचं, त्याच्या आईच्या गुडघ्याचं... सगळं बोलणं व्हायचं. मनातलं तेवढं राहायचं. पुढच्या खेपेला बोलू, असं ती मनाशी म्हणायची.

एकदा ट्रक भरून उभा, आणि बिलं निघेनात. मालक आप्पासो सगळ्यांदेखत महेंद्रला म्हणाले, "तुला काम येत न्हाई. हितनं पुढं दुसरा माणूस येईल."

संयोगिता उठली. पण खरं सांगितलं तर नोकरी जाणार, आणि भाऊ गावी नेऊन लग्न उरकून टाकणार. ती खाली बसली.

महेंद्र तिच्या टेबलाशी आला. काही न विचारता त्यानं नंबर नीट केला.

"तुमाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्याच खेपेला कळलं."

"मग बोलला का न्हाई?"

"बोललो असतो, तर तुमी नंबर बदलायचं थांबवलं असतं." त्यानं पिशवी उचलली. "आता मात्र बदलू नका. पुढचा माणूस मालकांना सांगून टाकील."

त्यानंतर बिलं कधी अडली नाहीत. आप्पासो नव्या माणसाचं कौतुक करायचे. दुपारी ऑफिस रिकामं झालं, की संयोगिता पडद्यावर तो नंबर उघडायची. शेवटचा आकडा खोडायची, थोडा वेळ बघत बसायची... आणि पुन्हा होता तोच लिहायची.